हळदीचं बोट आणि वाकडा रूळ

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. सध्या कळमनुरीत हैदर कागदीच्या खुराड्याचं दार माझ्या टेकूवर उभं आहे, आणि कोंबड्या माझ्यावर बसून काय करतात ते मी सांगत नाही. मी शिसवी लाकडाचा. हातकागदाचे ताव चिकटवून केलेली लांब गुंडाळी माझ्यावर चढायची. "हा रूळ म्हंजे माझा तिसरा हात हाय," असं हैदर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

हातानं केलेल्या तावाची एक कड थोडी जाड होते. म्हणून हैदरची बायको रहिमाबी जाड कडेला हळदीचं बोट लावी. हळद तिच्या माहेरची, कुरुंद्याची. चिकटवताना एका तावाचं बोट डावीकडे, पुढच्याचं उजवीकडे. मग गुंडाळी सरळ बसते. सगळी बोटं एकाच बाजूला आली, तर तिकडे ती फुगते, दुसरीकडे चुण्या पडतात आणि कागद सरकत जातो.

सन सदतीसच्या उन्हाळ्यात खेमा भाटाने वंशावळीसाठी चाळीस हात कागद सांगितला. रहिमाबी माहेरी होती. हैदरने घाईत सगळी बोटं एकाच बाजूला चिकटवली. चूक कळल्यावर उकलून पुन्हा जोडायचं सोडून त्याने पात्याने हळद खरवडून टाकली.

"हैदरभाई, कागद काहून सरकून राहिला?" माझ्यावर चढणारी गुंडाळी पाहून खेमाने विचारलं.

"रूळ वाकडा हाय, खेमाभाऊ. कागद बराबर हाय."

एवढं बोलून त्याने मला चिंध्या भिजवायच्या चुन्याच्या टाक्यामागे फेकलं. वीस वर्षं राबलो, त्याचं हे फळ! पावसाळाभर मी चिखलात एकच गोष्ट घोकली: याला सोडायचं नाही.

दसऱ्याला खेमा कागद न्यायला परत आला. हैदरने आखाडा बाळापूरच्या बाजारातून नवा रूळ आणला होता. कागद त्याच्यावरही सरकला. "हा बी वाकडा," म्हणत हैदरने तो गुडघ्यावर मोडून चुलीत घातला. तेवढ्यात रहिमाबी टाक्यावरून उठून आली आणि चुन्याच्या ओल्या हातानेच तिने गुंडाळी उलगडली. खरवडूनही कागदात मुरून राहिलेली हळद चुना लागताच कुंकवासारखी लाल उठली. सगळे ठिपके एकाच कडेला.

"रूळ न्हाई वाकडा," ती म्हणाली. "तुमी वाकडे."

माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

खेमा भला माणूस. "हे लाल ठिपके कातरा अन् नीट जोडून द्या. येत्या बाजाराला येतो," म्हणाला. हैदरने ताव सोडवले, उलटसुलट लावून अगदी बरोबर जोडले, मग कडा कातरल्या; नीट जोडल्याची खूणही त्यांच्याबरोबर गेली. मला शोधून बाहीने पुसलं. "चुकलो," म्हणाला. खेमासमोर माझ्यावर गुंडाळी चढवली, आणि कागद सरकला.

"रूळ वाकडा हाय," हैदर म्हणाला.

मित्रांनो, या वेळी ते खरं होतं. चार महिने ओलीत पडून मी मधोमध वाकलो होतो. मला नुसतं फरशीवर लोटलं असतं तरी कळलं असतं. कुणी लोटलं नाही.

"हेच तिसऱ्यांदा ऐकून राहिलो," खेमा म्हणाला आणि चालता झाला. हैदरने रहिमाबीकडे पाहिलं. तिनेही मान फिरवली. मला बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो.

मित्रांनो, हत्यारं ओलीत टाकू नका, आपली चूक त्यांच्या माथी मारू नका. आम्ही विसरत नाही. माझा सूड पुरा झाला, त्याला आज अकरा वर्षं झाली. त्यानंतर हैदरने लांब कागद केला नाही, आणि माझ्यावर एकही गुंडाळी चढली नाही.