निम्म्या चालीची दांडी

मित्रांनो, मला पाहायचं असेल तर तुम्हांला जरा खाली वाकावं लागेल. वरून पाहाल तर दिसेल ती पेडल स्टील गिटार. चार पायांवर उभी, टेबलासारखी लांबोडकी, पाठीवर दहा तारा ताणलेली. येणारा-जाणारा तिचंच कौतुक करतो. मी तिच्या पोटाखाली लोंबते. मी एक जुनी, वीतभर लांबीची दांडी आहे. वादकाच्या उजव्या गुडघ्याशेजारी माझी जागा.

माझ्या स्वभावात एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. मी हेवेखोर आहे. दुसऱ्याचं भलं झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि मला तर पोटही नाही!

एका मिस्त्रीने मला ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापून काढलं. कानशीने घासून घासून त्याने माझ्या कडा इतक्या मऊ केल्या, की गुडघ्याला टोचायचं नाव नको. माझं काम तसं सोपं आहे. गुडघ्याने मला बाहेर ढकललं, की माझ्या डोक्यावरची आडवी सळई फिरते. ती एक लांब काडी ओढते, आणि काडीच्या टोकाशी एक तार जराशी सैल होते. मग वाजत असलेला स्वर तुटत नाही, थांबत नाही, जिन्यावरून कुणी हलक्या पावलांनी उतरावं तसा एक पायरी खाली येतो. मी किती सरकायचं, म्हणजे माझी चाल किती, ते एक स्क्रू ठरवतो. त्याला आम्ही अडसर म्हणतो. मी अडसराला टेकले की स्वर नेमक्या जागी उतरलेला असतो.

मिस्त्रीने ही गिटार एका मुलीच्या हवाली केली. तेव्हा ती नुकतीच वाजवायला लागली होती. तिचा उजवा गुडघा आणि मी, आमची पहिल्या दिवसापासून गट्टी जमली. डाव्या हातातला लोखंडी दांडू तारांवरून सरकायचा, उजव्या हाताची बोटं तारा छेडायची, पाय पेडलं दाबायचे. पण ओळ संपताना गुडघा हळूच माझ्याकडे झुकायचा. ऐकणाऱ्यांच्या तोंडून "आहाऽ" निघायचं ते तेव्हाच. माणसं तिच्या बोटांकडे बघून मान डोलवायची. खाली मी मनात म्हणायचे, बोटांना काय बघता, वाका की जरा!

पेडलांचाही मला हेवा वाटे. त्यांना रोज फडक्याने पुसलं जाई, मला आठवड्यातून एकदा. पण गुडघा माझा होता, त्यामुळे मी गप्प राहत असे.

मग तिचं लग्न झालं, आणि दीड वर्षाने तिची खुर्ची हळूहळू मागे सरकू लागली. आधी बोटभर, मग चार बोटं. तिचं पोट वाढत होतं. एक दिवस तिने गिटारवर जुनी चादर घातली आणि म्हणाली, "थोडे दिवस हं." ते थोडे दिवस म्हणजे सात महिने निघाले.

चादरीखाली दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. त्या घरात एक गाठोडं आलं होतं. फडक्यात गुंडाळलेली लेक, म्हणून मी तिला गाठोडं म्हणत असे. तिचा सूर मात्र कधी लावावा लागत नसे. खाली ठेवलं की लागलाच! मग आई तिला उचलायची, मांडीवर घ्यायची आणि गुडघा हलवत राहायची. माझा गुडघा! मी वर्षानुवर्षं ज्याच्या ओढीने सरकत आले, तो आता आयत्या बिळावरच्या नागोबाला झोके देत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सवत आली असती तर एक वेळ सोसलं असतं. हिला तर धड बसताही येत नव्हतं, आणि राज्य मात्र हिचं!

एका सकाळी चादर निघाली. आमची वादक ज्या वाद्यवृंदात वाजवायची, तिथल्या गायिकेचा फोन आला होता. दोघींची मैत्री जुनी, त्यामुळे भाषा रोखठोक.

"पुढच्या रविवारी तालमीला ये. शेवटच्या ओळीत मला तुझी ती उतरण हवी. जमत नसेल तर आत्ताच सांग बाई, बासरीवाला तुझ्या जागेवर डोळा ठेवून बसलाय."

"येते म्हणजे येतेच," आमची वादक म्हणाली.

गाठोडं खाली राहायला तयार नव्हतं. म्हणून तिने तिला झोळीत घालून पोटाशी बांधलं आणि वाजवायला बसली. मध्ये लेकरू, म्हणून खुर्ची मागे. खुर्ची मागे, म्हणून गुडघा माझ्या जेमतेम टोकाला लागला. तिने ढकललं, मी निम्मी सरकले, आणि तिथेच तिची ताकद संपली. स्वर अर्धवट उतरून जिन्यात मध्येच उभा राहिला.

खरं सांगू? मी थोडं सांभाळून घेऊ शकले असते. पण मला वाटलं, बघू दे हिला, गाठोडं हवं की मी! मी तशीच अडून बसले.

गिटारच्या टोकाला एक नट असतो. तो फिरवून उतरलेला स्वर बारीक जुळवता येतो. तिने तो पिळला, आणि निम्म्या चालीत स्वर बरोबर उतरू लागला. तिला हायसं वाटलं. दुपारी लेक पाळण्यात झोपली, तेव्हा ती खुर्ची पुढे ओढून नेहमीसारखी बसली. आता मी थेट अडसरापर्यंत गेले, आणि स्वर नको तितका खोल घसरला. तिने नट सैल केला. दुसऱ्या दिवशी लेक पुन्हा पोटाशी, स्वर पुन्हा अधांतरी, नट पुन्हा घट्ट. असे चार दिवस गेले. दर वेळी तिला वाटे, आपलाच कान गेला. पाचव्या दिवशी ती तारांवर कपाळ टेकवून रडली. झोळीतलं गाठोडं टकामका तिच्याकडे बघत राहिलं.

नवऱ्याने मिस्त्रीला बोलावून आणलं. आता त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.

"काका, ही दांडी काढूनच टाका," नवरा म्हणाला. "फार छळते हिला. तो एक स्वर दांडूने सरकवून घेईल ती."

मित्रांनो, मी गारठले. अडून बसण्याची हौस माझी, आणि ती माझ्याच अंगाशी आली होती. निघालेली दांडी कुठे जाते हे मला माहीत होतं. मिस्त्रीच्या दुकानात खिळ्यामोळ्यांचा एक डबा आहे. मी लहानपणी त्याच्या शेजारीच होते.

"डोंबल माझं!" ती एकदम म्हणाली. "ती गेली तर माझ्याकडे उरतं काय? सरकवलेला स्वर आणि उतरलेला स्वर एकच असतात होय?"

सात महिन्यांत माझ्यासाठी कुणी असं बोललं नव्हतं.

मिस्त्री जमिनीवर उताणा झोपून गिटारखाली सरकला. माझ्याकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं. "नट कितीदा पिळलास गं पोरी? पार गुळगुळीत केलास की."

"रोज. एक दिवस बरोबर लागतो, एक दिवस नाही."

"बरोबर लागला तेव्हा लेकरू कुठे होतं?"

"पोटाशी."

"आणि बिघडला तेव्हा?"

"पाळण्यात..." ती बोलता बोलता थांबली.

मिस्त्री खालूनच हसला. "वाजवणाऱ्या तुम्ही दोघी, आणि दांडीला माप एकटीचं. सुरात खोट नाही, अंतरात आहे. बांध तिला पोटाशी आणि बस. रिकाम्या मांडीचं माप घेऊन मी काय करू?"

ती बसली. मिस्त्रीने आधी तेल सोडलं. मग माझी काडी सळईवरच्या पट्टीतल्या, सळईपासून लांबच्या भोकात अडकवली. त्याने मी थोडी जड झाले, पण कमी सरकून तार तेवढीच सैल होऊ लागली. नंतर त्याने अडसराचा स्क्रू आत घेतला. एक फेरा. दांडी टेकली? नाही. अजून अर्धा. "आता?" "हो काका, आता टेकली." सगळ्यात शेवटी तिला गुडघ्याने मला अडसराला टेकवून धरायला लावलं आणि नट जुळवला. मग तिने लेकीला नवऱ्याकडे दिलं, खुर्ची पुढे घेतली आणि पुन्हा वाजवलं. स्वर त्याच पायरीवर उतरला. जवळून बसा, लांबून बसा, अडसर एकच.

सगळे खूश झाले. मी मात्र धुमसत होते. माझी जन्माची चाल निम्मी केली! कुणासाठी? गाठोड्यासाठी! पूर्वी मी केवढी झोकात जात असे, आता बोटभर सरकले की संपलं. रविवारी तालीम झाली. शेवटच्या ओळीला गायिकेने डोळे मिटले, आणि बासरीवाल्याने बासरी पिशवीत घातली. जागा राहिली. तरी माझ्या मनातली अढी गेली नाही.

त्यानंतर चार-पाच महिन्यांची गोष्ट. गाठोडं आता घरभर रांगत होतं. एका सकाळी आई खुर्चीतून उठून खिडकी लावायला गेली, आणि ती स्वारी रांगत रांगत थेट माझ्यासमोर आली. मला इतक्या खालून, इतक्या जवळून आजवर फक्त मिस्त्रीने पाहिलं होतं. तिने एक हात वर केला आणि मला धरलं. मग दुसरा. आणि सगळा भार माझ्यावर टाकून ती उठू लागली.

मी सरकले. मला वाटलं, गेली ही! पूर्वीची लांब चाल असती तर ती माझ्याबरोबर वाहवत जाऊन आपटली असती. पण बोटभर सरकले, आणि टक्. अडसर! मी थांबले. तीही थांबली. ढुंगण वर, गुडघे लटपटत, मग हळूहळू सरळ. आयुष्यात पहिल्यांदा उभी.

"अहो! अहो, लवकर या, उभी राहिली बघा!" आई खिडकीपाशीच खिळली होती.

"कशाला धरलंय तिने?" नवरा धावत आला.

"माझ्या दांडीला!"

मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू पोहोचेनाशी झाली, नीट चालेनाशी झाली, तर लगेच डब्यात टाकू नका. कधीकधी ती बिघडलेली नसते. तुमचं बसणं बदललेलं असतं. दोन फेरे आवळून बघा. थोडं तेल घाला.

आणि माझं म्हणाल, तर माझी खोड काही गेलेली नाही. आता ती स्वारी रोज सकाळी येते, ओल्या मुठींनी मला धरते आणि उभी राहते. काल मात्र तिने मला सोडून पलीकडच्या खुर्चीचा पाय धरला.

त्या खुर्चीत असं काय आहे, हे मला अजून समजलेलं नाही.