पोपटरावांना न लागलेली गिटार

"हिची मान बघा आधी," पोपटराव म्हणाले आणि एक डोळा मिटून गिटारीच्या दांड्यावरून असे पाहू लागले, जणू पलीकडच्या टोकाला ससा बसलाय.

"मान कशाला बघू? मला आवाज पायजे," मारुतराव ओट्यावर टेकत म्हणाले. "भीमजयंती पंधरा दिसांवर आली. शिरूरच्या मंडळींनी हँडबिलं वाटली. 'इलेक्ट्रिक गिटारसह' म्हणून ठळक छापलंय. आता तिथं बुलबुलतरंग घिऊन जाऊ व्हय?"

पोपटराव नुकतेच लोकोशेडातली पाळी संपवून आले होते. कमरेत कळ होती, नखांत काळं ऑईल होतं आणि जेवण अजून चुलीवर होतं. पण वाद्य दारात आलं की त्यांना आधी भाकरी खाता येत नसे.

दौंडात त्यांच्या हाताबद्दल बरंच बोललं जाई. एका मालगाडीच्या इंजिनाची शिट्टी त्यांनी म्हणे पेटीवर जुळवून काळी एकात लावून दिली होती. पुढे ते इंजिन मनमाडला गेलं, तेव्हा स्टेशनामागच्या म्हशी दोन दिवस बेताल रवंथ करत होत्या. म्हशींचं सोडून देऊ. पण शिरूर, पाटस, तळेगाव ढमढेरे इथून बिघडलेल्या पेट्या या ओट्यावर येत आणि गात गात परत जात, हे मात्र कुणालाही विचारा.

गिटार रेल्वे कॉलनीतल्या एका ड्रायव्हरची. तो ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि मारुतरावांच्या गायनपार्टीला काहीतरी नवं हवं होतं, कारण सुपाऱ्या आता वीजवाल्या पार्ट्यांकडे वळत होत्या. गिटार लालभडक होती, तेवढाच तिचा गुण. नवी होती तेव्हाही ती दुकानातली सगळ्यात स्वस्त असणार. दांड्यात सळई नाही, खुंट्या ढिल्या, आणि तारा दांड्यापासून इतक्या उंच, की खालून उंदीर बिऱ्हाड घेऊन गेला असता.

त्यात पार्टीचा रिवाज तिच्या मुळावर आला. मारुतरावांच्या पार्टीत प्रत्येक वाद्य त्यांच्या बायकोच्या, साखरबाईंच्या गळ्याला लावलं जाई. साखरबाई गायच्या काळी चारात. भल्याभल्यांचा गळा जिथं थकतो, अशा त्या उंच पट्टीत त्या माहेरी आल्यासारख्या वावरायच्या. शिरूर-दौंड भागात ज्यांना नाव ठाऊक नव्हतं, ते त्यांना 'काळी चारवाली बाई' म्हणत. बुलबुल वाजवणारा मच्छिंद्र आता गिटार धरू लागला होता. त्यानं तिच्या पांढरी तीनच्या तारा पिळून पिळून काळी चारला नेल्या. वरच्या पडद्यांवर हात टाकून सूर बदलता येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तारा तुटल्या, खुंट्या घसरल्या आणि मान धनुष्यासारखी वाकली.

पोपटरावांनी सगळ्या तारा सैल सोडल्या, गिटार उन्हात उपडी घातली आणि मानेवर मधोमध पाटा ठेवला.

"आन् चटणी कशावर वाटू? तुमच्या डोक्यावर?" त्यांच्या बायकोनं, अंजनानं, आतून विचारलं.

"चार दिस खा की बिनचटणीचं."

"खाते. पर जयंतीला माझा पाटा गायला बसला न्हाई म्हंजी झालं!"

मान सरळ झाली. मग रोज पाळीनंतर, पेंगत पेंगत, त्यांनी बाकीचं उरकलं. खुंट्यांचे स्क्रू आवळले. तारा ज्या खाचांत अडकत होत्या, तिथं शिसपेन्सिल उगाळून घातली. सांध्यात पत्र्याचा तुकडा सरकवून तारा खाली आणल्या. तारेचा अर्धा पल्ला जिथे भरतो, त्या बाराव्या पडद्यावर सूर दुप्पट उंच पण तोच आला पाहिजे. तो येईपर्यंत त्यांनी तारा पेलणारी घोडी केसाकेसानं मागे-पुढे केली. शेवटी चौथ्या पडद्यावर पेन्सिल आडवी ठेवून सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधली. आता तारांना न ताणताच काळी चार निघत होती. त्यांनी पेटीशी ताडून पाहिलं. गिटार आणि पेटी एका ताटात जेवत होत्या.

तालमीला सगळे दुपारी विहारात जमले. जयभीम झाला, चहा झाला. साखरबाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली. धृपद सरळ गेलं. अंतऱ्यात वरच्या सा ला त्या चढल्या आणि आवाज फाटला. जुनं लुगडं फाटतं तसा, हळूच.

"थांबा, थांबा!" मारुतराव ढोलकीवर थाप मारून ओरडले. "परत बेसूर! पोपटराव, आठवडाभर काय अंडी उबवली काय हिच्यावर बसून?"

मच्छिंद्रनं तारा छेडल्या. चोख होत्या. तो मारुतरावांना म्हणाला, "पण मामा, आता तर ही..."

"गप, मच्छिंद्र," पोपटराव म्हणाले.

त्यांना एकदम गेली दोन वर्षं दिसली. जेजुरीकडच्या कार्यक्रमात आवाज चिरला, तेव्हा पेटीतली सुराची पितळी पट्टी, सुरी, खराब म्हणून मारुतरावांनी ती बदलायला लावली होती. सुरी चांगली होती. पोपटरावांनी तरी बदलली. मग माईकवर खापर फुटलं. मग गिटार आली, आणि ती खरंच वाईट असल्यामुळे सगळ्यांचं काम सोपं झालं. आज ती बिचारी खरी बोलत होती.

त्यांनी साखरबाईंकडे पाहिलं. साखरबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. विनवणी नव्हती त्या नजरेत. शेडात जुनं इंजिन तपासणीला उभं राहतं, तशा त्या उभ्या होत्या. गळा थकला होता, हे त्यांना ठाऊक होतं. मारुतरावांना ठाऊक नव्हतं, किंवा असून नको होतं.

पोपटरावांनी ट्यूब सोडली. पेन्सिल खिशात टाकली.

"मान धरत न्हाई, मारुतराव. वर चढवली की दगा देती. समदं पांढरी तीनला न्यावं लागंल."

"म्हंजी? एका लाकडापायी साखरनं खाली यायचं?"

"मग ठिवा गिटार घरी."

"आन् हँडबिलं?"

"मग या खाली."

मारुतराव लाल झाले. "येवढा तुमचा बोलबाला! इंजिनाला गायला लावणारा माणूस, आन् ही चार फळ्यांची गिटार तुमच्यानं नीट व्हईना?"

"न्हाई व्हत," पोपटराव म्हणाले.

उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्याच वाद्याविषयी हे दोन शब्द उच्चारले नव्हते. त्यांचं त्यांनाच ते दुसऱ्या कुणाचे वाटले.

शिरूरला मंडप भरला होता. पेटीवर नेहमीसारखे पोपटराव बसले होते. साखरबाई पांढरी तीनात गायल्या. तो आवाज खाली आला होता, पण खाली येताना काहीतरी बरोबर घेऊन आला होता. पोरं मांडीवर घेऊन डुलणाऱ्या बायका डुलायच्या थांबल्या. गिटार शेजारी अशी नितळ वाजत होती, की आपलं खोटं उघडं पडेल म्हणून पोपटरावांना भाता मारता मारता लोकांचे कान झाकावेसे वाटले.

पहिलं गाणं संपल्यावर पुढे बसलेले निमोण्याचे तात्याबा, दरसाल येणारे, मोठ्यानं म्हणाले, "बाई, काळी चार कुठं ठिवली?"

मंडप हसला. साखरबाईंचा हात माईकवरच राहिला. मारुतरावांनी माईक ओढून घेतला.

"तात्याबा, बाईंची काळी चार हाय तिथंच हाय! आमच्या मिस्त्रीला गिटार लागली न्हाई, म्हणून त्यास्नी खाली यावं लागलं. घ्या सांभाळून!"

आता मंडप दुप्पट हसला. कुणीतरी मागून ओरडलं, "मिस्त्रीला सायकल तरी लावता येती का?" पोपटरावांनी मान खाली घालून पुढच्या गाण्याचा सूर दिला. साखरबाईंनी तो उचलला.

सकाळी स्टँडवर तळेगाव ढमढेऱ्याच्या भजनी मंडळाचा एक जण पेटी घेऊन उभा होता. पोपटरावांची गाठ पडेल म्हणून आणलेली. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तो ओशाळं हसला. "ऱ्हाऊ द्या आप्पा. तुमाला बी आता दगदग नको. पुण्यालाच दावतो." पेटी उचलून तो समोरच्या गाडीत चढला.

मारुतराव आणि मच्छिंद्र दौंडच्या गाडीत जागा धरायला पळाले. बाकड्यावर साखरबाई आणि पोपटराव दोघंच उरले. मध्ये गिटार.

"भावजी," साखरबाई म्हणाल्या, "पुढल्या साली?"

"पुढल्या साली आणखी वाकंल ही. पांढरी दोनला आणू."

"आन् त्याच्या पुढल्या?"

पोपटराव नखातलं ऑईल टोकरत बसले. तिथं आता ऑईल नव्हतं.

एप्रिलचं ऊन सकाळीच तापलं होतं. गारीगारवाला घंटी वाजवत बाकड्यापाशी आला. लग्न होऊन या पार्टीत आल्यापासून साखरबाईंनी थंड आणि आंबट तोंडाला लावलं नव्हतं. उन्हाळ्यात माठातलं पाणीसुद्धा त्या कोमट करून प्यायच्या. घशाला जपायचं म्हणून.

"दोन दे," त्या म्हणाल्या.

एक त्यांनी पोपटरावांच्या हातात दिलं. दुसरं त्या खाऊ लागल्या. घाईनं नाही, बारीक बारीक चावे घेत, डोळे मिटून, अगदी काडी चोखून होईपर्यंत. पोपटरावांच्या हातातलं तसंच राहिलं होतं. त्याचं लाल पाणी मनगटावरून ओघळून बाहीत चाललं होतं.