बातमी आधी कुणाची

असेंब्लीत बातम्या वाचायचा मान क्षितिजाचा होता, आणि तो कुणी हिसकावून घेईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कुवेतमधल्या सालमिया भागातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात पेपर पडला की तो आधी तिच्या हातात जायचा, मग बाबांच्या. मथळे उतरवायचे आणि माइकपुढे उभं राहून अख्ख्या शाळेला ऐकवायचे. शाळाही गुपचूप ऐकायची.

मग २००३ साल उजाडलं. शेजारच्या इराकवर हल्ला होणार, या एकाच चर्चेनं कुवेत ढवळून निघालं, आणि नेमका तेव्हाच असमानं ईमेलचा ग्रुप काढला. असमा म्हणजे अब्बासियातल्या किराणा दुकानदाराची, गफूरभाईंची मुलगी. क्षितिजासारखीच अकरावीत, पण दुसऱ्या तुकडीत होती. रोज संध्याकाळी ती इंटरनेटवरच्या बातम्या गोळा करून सगळ्या अकरावीला पाठवायची. सकाळी क्षितिजा माइकवर तोंड उघडायची तेव्हा बातमी शिळी झालेली असायची. मुलं सरळ जांभया द्यायची. कुणी काही सांगितलं की दुसरा विचारायचा, "असमाच्या ग्रुपवर आलंय का?" आलं असेल तरच खरं. क्षितिजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

वर ही असमा रोज दुपारी फोन करायची. कुवेतमध्ये लोकल फोन फुकट, मग काय. "अमुक बातमी तुझ्या पेपरात आहे काय गं?" क्षितिजा तुटकपणे हो किंवा नाही म्हणून फोन ठेवायची. जखमेवर मीठ चोळायला करते मेली, दुसरं काय!

शेवटी तिला राहवलं नाही. एक दिवस शाळेतून आल्या आल्या तिनं नव्या नावानं ईमेल खातं उघडलं आणि शाळेच्या ऑफिसातून आल्यासारखा मेल असमाला धाडला. युद्धाच्या शक्यतेमुळे अकरावीची वार्षिक परीक्षा महिनाभर पुढे ढकलली आहे, असा. परीक्षा होती येत्या सोमवारी. हे ग्रुपवर पडलं की पोरं पुस्तकं मिटणार, सोमवारी तोंडावर आपटणार आणि असमाचं नाव कायमचं मातीत जाणार. मेल गेल्यावर क्षितिजाला इतकं बरं वाटलं की तिनं आईकडे चहा मागितला.

चहा संपायच्या आत फोन वाजला.

"क्षितिजा, परीक्षा पुढे गेली म्हणून मेल आलाय. खरा आहे काय?"

"मला काय विचारतेस? ग्रुप तुझा."

"तुलाच तर विचारते दरवेळी. नेटवर कोण काय लिहील, भरवसा नाय. तू हो म्हटलंस तरच मी टाकते. पोरांना पण सांगून ठेवलंय, क्षितिजा चेक करते म्हणून. नायतर माझं कोण मानतंय?"

क्षितिजानं फक्त हो म्हणायचा अवकाश होता. पण त्या होच्या खाली आता तिचंच नाव लागणार होतं.

"खोटा आहे," ती म्हणाली. "टाकू नकोस."

"तुला कसं कळलं?"

"कळलं. बस."

दुसऱ्या दिवशी असेंब्लीत अकरावीच्या रांगांत एकही जांभई नव्हती. खोट्या मेलपासून क्षितिजानं आपल्याला वाचवलं, असं असमानं ग्रुपवर लिहिलं होतं. सगळी पोरं मान उंचावून तिच्याकडे बघत होती, आणि सर्वांत पुढे असमा, कौतुकानं नुसती फुललेली. हवा होता तो मान मिळाला होता, आणि तोही असमानंच दिलेला. क्षितिजानं कागद उलगडला, घसा खाकरला. असमाचा तिला कालच्यापेक्षा जास्त राग आला.