हुबेहूब सारख्या प्रती

ताईच्या आरोग्य-शिबिरात हातभार लावायला शास्त्रज्ञ डोंगरावरच्या वस्तीत निघाला खरा, पण जीपमध्ये त्याने तिचं डोकं खाल्लं. ताई परिचारिका. तिथल्या पोरांच्या अंगात रक्त कमी पडतं, ते वेळीच ओळखून लोहाचं औषध द्यायचं, हे तिचं काम. धाकटा भाऊ प्रयोगशाळेत क्वांटम कणांच्या अज्ञात अवस्था शोधायचा.

"कण मोजला की बिघडतो गं. एकाच कणावरून काही कळत नाही. हुबेहूब सारख्या हजारो प्रती लागतात. एकेक वेगवेगळ्या बाजूने मोजायची आणि मग..."

"माझ्याकडे प्रत्येक पोर एकुलतं एक असतं," ताई म्हणाली. "आणि मोजलं की बिघडत नाही, नुसतं बोंबलतं."

शाळेच्या खोलीत बाकावर सामान मांडलं. ताईने सुई टोचायची, थेंब पट्टीवर घ्यायचा. शास्त्रज्ञाने यंत्रावरचा हिमोग्लोबिनचा आकडा वाचायचा आणि पोराला कापसाचा बोळा द्यायचा. सोपं काम. पण हा गडी थेंबभर रक्त पाहून पांढराफटक पडायचा. म्हणून आकडा वाचून झाला की तो छताकडे बघतच कापूस पुढे करायचा. पहिला बोळा त्याने पोराऐवजी पोराच्या आजीच्या हातात कोंबला. तिनेही बिचारीने निमूट धरून ठेवला.

मग जुळ्या बहिणींची पाळी आली. एकीचा आकडा बारा. ती बाहेर गेली, दुसरी आत आली. बारा!

शास्त्रज्ञाला काय करू नि काय नको असं झालं. "ताई, हुबेहूब सारख्या प्रती! आम्ही इतका जीव काढतो आणि इथे बघ, आयत्या!"

"आधी तिला कापूस दे."

आनंदाच्या भरात त्याने खाली पाहिलं. मुलीच्या डाव्या मुठीत एक बोळा आधीच होता. वा, किती समजूतदार, घरून कापूस घेऊन आली, असं त्याला वाटलं. अशा बुद्धीच्या माणसाला मोठमोठ्या परिषदांची आमंत्रणं येतात. बऱ्याच वेळाने त्याची ट्यूब पेटली.

"ताई, ही प्रत मोजून झालेली आहे."

ताईने मूठ उघडली. बोटावर ताजी खूण होती.

"दुसरी कुठंय गं?"

"मीच दुसरी."

"मग पहिली कुठंय?" शास्त्रज्ञाने विचारलं.

मुलीने जरा विचार केला आणि भोकाड पसरलं.

पहिली खोलीमागे पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. दहा पावलं चालून आत येईस्तोवर तिला धाप लागली. ताईने सुई टोचली. साडेआठ. शास्त्रज्ञाने आकडा दोनदा वाचला. बहिणीच्या बारावर ही सुटली असती आणि जीप पुन्हा तीन महिने इकडे फिरकली नसती. तो इतका खूश झाला होता, याची त्याला आता लाज वाटली.

"तिला नेऊ नका ना," दुसरी हुंदके देत म्हणाली. "मागच्या खेपेला एका मुलाला जीपमधून नेलं. ही आजारी नाही, फक्त चढ चढवत नाही तिला. मी नेते ना शाळेत, पाठीवर घेऊन. रोज नेते. मला मुळीच जड होत नाही."

शास्त्रज्ञाने पुन्हा छताकडे पाहिलं. या वेळी रक्तासाठी नव्हे.

ताई दोघींसमोर खाली बसली. "कुणी कुणाला नेत नाही. हिने रोज औषध घ्यायचं. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. आणि तू आठवड्यातून एकदा घ्यायचं, म्हणजे तुझं रक्त कमीच व्हायचं नाही. हिला थोड्या दिवसांनी चढ आपला आपण चढता येईल."

"खरंच?"

"खरंच."

दुसरीने फ्रॉकला नाक पुसलं. "म्हणजे मला शाळेत पळत जाता येईल?"

"जा," पहिली धापा टाकत म्हणाली, "पण माझ्यापुढे नाही जायचं."