तोंड फिरवणारी देवी

देवीनं तोंड फिरवलं आणि पारावरची गर्दी गप्प झाली. फाल्गुनातली दुपार, वारा पडलेला, अंगाला नुसती चिकचिक. दोरीला टांगलेली वीतभर लाकडी देवी सकाळी गावाकडं बघत होती. आता कोणी हात न लावता मेळघाटाच्या डोंगराकडं वळली होती.

"सेमाडोहच्या जंगलात बारा वर्षं उपाशी राहून मिळवली हिले," चंद्रभानबुवा ढेरीवर हात फिरवत म्हणाला. "अमरावतीच्या गोऱ्या साहेबानंही सलाम ठोकला. तिकून गारा निघाल्या, देवी त्याइले बांधून राहिली. उद्यापर्यंत कापल्या पिकाले हात लावू नका, बंधन तुटते."

गावाचा गहू कापून वावरात पडला होता. विधवा मनकर्णाचाही, तिची वर्षाची भाकर तेवढीच.

निवृत्त मास्तर शालिकराम मागं उभे राहून दोरी निरखत होते. ती दोरी नव्हतीच, पिंजाऱ्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची आतड्याची तात होती. ओल्या हवेत तिचा पीळ सैल होतो. म्हणजे हवा खरंच पालटली होती, गारा येऊ शकत होत्या. पण हे सगळं पुस्तकातलं. आपलंच चुकलं तर?

तरी ते मनकर्णाशी हळूच बोलले. गहू आजच घरात आणा म्हणाले.

"काहून गुरुजी? बुवाहून मोठे झाले काय तुमी?"

मग शालिकरामांनी घरून वाफाळत्या पाण्याचा गंज आणि चिमट्यात निखारा आणला. तातीखाली वाफ धरताच देवी आणखी फिरली. निखारा जवळ नेताच परत आली. हवा ओली की बाहुली फिरते, तिच्यानं गारा बांधल्या जात नाहीत, गहू उचला, असं ते पुटपुटले. लोक हसले. काही जण गहू उचलायला उठलेही.

"बाटवली मास्तरनं," बुवा शांतपणे म्हणाला. "आता बंधन तुटलं त माह्या नावानं बोंबलू नका."

उठलेले पुन्हा बसले.

दिवस मावळताना गारा कोसळल्या. सकाळी बुवा शिधा आणि देवी घेऊन गेला होता, आणि गारा मास्तरनं आणल्या असं घरोघरी बोललं जात होतं.

मनकर्णा चिखलातून ओंब्या वेचत होती. शालिकराम तिच्याजवळ वाकले.

"मी हात लावला नसता, तरी गारा पडल्याच असत्या, बाई. तात पिंजाऱ्याकडं मिळते. पुढच्या साली घरात टांगा. फिरली की कोणाच्या पाया पडू नका, कोणाले विचारू नका. पीक उचला."

तिनं एक ओंबी चोळली. भिजून फुगलेले दाणे तळहातावर आले.

"पुढच्या सालचं राहू द्या," ती म्हणाली. "याची भाकर होईन काय, ते सांगा."

शालिकराम तिच्यासोबत ओंब्या वेचू लागले.