चांगुणाबाईच्या बोटांचा निरोप

गुरुवार, २१ फेब्रुवारी १९७४. वेळ दुपारी साडेबाराची. राणीसावरगावात लग्नघरच्या चुलीवरचा तापलेला तवा चांगुणाबाईने फडके न घेता उचलला आणि शांतपणे खाली ठेवला. तिचा हात मागे आला नाही.

मित्रांनो, तो हात मागे ओढायचे काम माझे. मी एक जुनी चेतापेशी आहे. चांगुणाबाई चौतीस वर्षांची, मीही तेवढीच. तिच्या मानेतल्या मेरुरज्जूत माझे ठाणे आहे. तिथून माझा लांब धागा दंडाच्या स्नायूपर्यंत जातो.

आमचे काम तिघींचे. बोटाला चटका बसला की पहिली पेशी निरोप मेरुरज्जूत आणते. मधली तो घेते आणि मला देते. मी स्नायूला आखडायला सांगते. आम्ही एकमेकींना चिकटलेल्या नसतो. मधे बारीक फट असते, ती ओलांडायला रसायन सोडावे लागते. तरीही पापणी लवेपर्यंत हात मागे आलेला असतो. मेंदूला खबर त्यानंतर पोचते. आलेला एकही निरोप मी आजवर चुकवलेला नाही.

त्या दुपारी मात्र निरोप आलाच नाही.

"आमच्या सुनेला फडकं लागत न्हाई," सासू दगडाबाई कौतुकाने म्हणाल्या. "हात लोखंडाचा हाय तिचा."

"मग शेतात कुदळ कशाला नेता? तिलाच न्या की!" शेजारीण बायनाबाई म्हणाली. बायका हसल्या. दोन वर्षे हे कौतुक असेच चालले होते.

नवरीचा मामा रंगनाथ गंगाखेडला कुष्ठरोग पथकात नोकरीला होता. पाणी प्यायला आलेला तो तिथेच थबकला. चांगुणाबाईच्या बोटांवर फोड टरारले होते आणि ती त्याच हाताने पीठ मळत होती. त्याने अंगणातले कोंबडीचे पीस उचलले.

"वहिनी, हात धुऊन डोळे मिटा. पीस लागलं की सांगा."

थोडा वेळ गेला.

"लावा की भाऊजी! किती वेळ बसू?"

"तीनदा लावलं, वहिनी."

रंगनाथने तिचे कोपर चाचपले. तिथली नस दोरीसारखी जाड लागली.

"महारोग?" दगडाबाईंनी विचारले. "बोटं झडतील का हिची?"

"बोटं रोगानं आपोआप झडत न्हाईत, मावशी. चटका कळत न्हाई, जखमा चिघळतात, त्यानं जातात. आताच गोळ्या घेतल्या अन् हात जपला तर राहतील."

जंतू पहिल्या पेशीच्या धाग्याच्या आवरणात शिरले होते. मधली शाबूत होती, मीही. पण पहिली गप्प झाली की आम्ही दोघी नुसत्या बसून.

मित्रांनो, चटका न कळणे याला ताकद म्हणू नका. अंगावर बधिर डाग दिसला तर तो झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. कळ ही आमची भाषा आहे.

गोळ्या सुरू होऊन सतरा महिने झाले. दहाही बोटे जागेवर आहेत. दगडाबाई आता सुनेच्या आधी फडके घेऊन चुलीपाशी उभ्या असतात. "लोखंडाला गंज लागतो, बाई," म्हणतात आणि फडके तिच्या हातात कोंबतात.

२० जुलै १९७५, सकाळी सात. चहाच्या तापल्या पातेल्याला चांगुणाबाईचा उजवा हात ओझरता लागला. मधलीने मला एक क्षीण निरोप दिला. मी लगेच काम केले आणि हात मागे आला. तो निरोप बोटांतून निघाला होता की शाबूत मनगटातून, हे अजून कळलेले नाही.