प्लास्टरमधला हात

"अगं, मोठं की जवळचं? तोंड उघड की!" वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी फरशी पुसायचं फडकं बादलीत टाकलं आणि स्टुलावर बसकण मारली.

सिस्टरच्या पुढ्यात मोबाईल होता आणि त्यावर दोन विद्यापीठांची पत्रं. सात वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत जखमा धुतल्यावर तिला फिजिशियन असिस्टंट व्हायचं होतं. म्हणजे रुग्ण तपासायचा, निदानात डॉक्टरांच्या जोडीने डोकं चालवायचं. जवळच्या विद्यापीठात तीन वर्षं, शिकवणं बेताचं. मोठ्यात दोनच वर्षं, स्वतःचं रुग्णालय, आणि बाहेर पडलं की नोकरी हात जोडून उभी. आज पाचपर्यंत एकाला होकार कळवायचा होता. दुसरी कुणी असती तर तिने डोळे झाकून मोठं घेतलं असतं. पण आमच्या या बाईसाहेब सकाळपासून दोन्ही पत्रं नुसती उघडत-मिटत होत्या.

कारण मोठ्या विद्यापीठाने तिला घेतलं होतं ते एका निबंधावर. 'तुम्ही स्वतः टिपलेलं एखादं लक्षण लिहा,' असं त्यांनी मागितलं होतं. तिने वॉर्डातल्या सुताराचा हात लिहिला. गेल्या वर्षी त्याचं प्लास्टर घट्ट बसलं होतं. वेळेवर कापलं म्हणून हात वाचला. ते ओळखलं होतं मावशींनी, चादर बदलताना. सिस्टरने फक्त डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तिचीच पाठ थोपटली आणि ती गप्प बसली. निबंधात तर चक्क 'मी' लिहिलं. तेव्हा लाज कुठे गेली होती कोण जाणे! आता मात्र तिला मावशींच्या बादलीकडेही बघवत नव्हतं.

"मावशी, मी फार वाईट वागलेय," ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत झाली नाही.

मावशींनी बादलीतलं फडकं एकदा खळबळून घेतलं.

"आणि तिथे विचारलं, कशावरून ओळखलंत, तर काय सांगशील?"

"बोटं निळी पडली होती म्हणून..."

"डोंबल! निळी मागाहून पडली. आधी तो बोलायचा थांबला. सकाळपासून माझी टिंगल करणारा माणूस, चादर ओढली तरी हूं नाही की चूं नाही, नुसते दात आवळलेले. म्हणून मी हात बघितला. हे सांग तिथे. नाहीतर पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडायचं."

सिस्टरचे कान तापले. जिचं चोरलं तीच चोरी पचवायला शिकवत होती! तिने मोबाईल ओढला, मोठ्या विद्यापीठाला नकार पाठवला, जवळच्याला होकार. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

"नाही म्हणून कळवलं मावशी. तुमच्या जिवावर मला नको तिथे जायला."

आता मावशी पाठीवरून हात फिरवतील, असं तिला वाटलं.

"मला विचारलंस?" मावशी उठल्या. "अगं, उभ्या जन्मात माझं तेवढं एकच शहाणपण विद्यापीठापर्यंत पोचलं होतं. तेही माघारी बोलावलंस."

त्यांनी फडकं पिळलं. सिस्टर बादली उचलायला लगबगीने पुढे झाली. पण मावशी बादली घेऊन दुसऱ्या खोलीकडे निघाल्याही होत्या.